आत्ताचं भागिले आजवरचं

कराडच्या ऑफिसात माझ्यासमोर तीन रेघा:
उभी, उत्तर, पूर्व.
वाघजाईवाडीच्या सड्यावर, पत्र्याच्या झाकणाखाली
दीड मीटर खोल बसवलेला सेन्सर
सेकंदाला शंभर वेळा सांगतो
जमीन कुठे आहे.
बहुतेक वेळा ती तिथेच असते.

सॉफ्टवेअरचा हिशेब साधा.
शेवटच्या अर्ध्या सेकंदाची सरासरी काढायची,
तिला शेवटच्या अर्ध्या मिनिटाच्या सरासरीने भागायचं.
आत्ताचं भागिले आजवरचं.
उत्तर चारच्या वर गेलं की लाल खूण पडते
आणि मी चहा बाजूला ठेवते.
पहिली लहर, दुसरी लहर;
मधल्या सेकंदांना आठाने गुणलं की अंतर, किलोमीटरमध्ये.

धोंडू झोरेंना हे समजावून सांगितलं होतं,
बॅटरीत पाणी घालायला त्यांना नेमलं तेव्हा.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले,
"सदुसष्ट सालीबी आसंच. आदी खालनं गुरगुर आली,
म्हसरांनी माना वर केल्या,
आन् मग जमीन आडवी वडली कुनीतरी."
मधे किती वेळ गेला?
त्यांनी डोळे मिटले. ओठ नुसतेच हलले.
"आईला हाक मारंस्तवर."

एक सेकंद. फार तर सव्वा.
ही नोंद माझ्या वहीत आहे.
सॉफ्टवेअरमध्ये तिला रकाना नाही.

रोज सकाळी सहा दहाला उत्तर रेघेवर टोचे उमटायचे:
एक हलका, एक जड, एक हलका, एक जड,
डावा गुडघा धरलेला माणूस चालतो तसे,
आणि त्यांच्यामागे सात म्हशींचा फरकाटा.
मी तो रोज निवडायची, वर 'गोंगाट' लिहायची, पुसायची.
सानप सरांनी महिन्याच्या अहवालात
त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.
मी झोरेंना फोन केला, जनावरं तेवढी लांबून न्या.
"बरं," म्हणाले.
दुसऱ्या दिवशी म्हशी ओढ्यापलीकडून गेल्या.
टोचे तेवढे आले. एक हलका, एक जड.
झाकण जागेवर आहे ना, एवढं बघायला.

मार्गशीर्षात एका सकाळी रेघ सपाट.
दुसऱ्या दिवशीही.
महिनाअखेरीस नोंदींची प्रत अठ्ठ्याण्णव टक्के,
सरांचा मेसेज: अभिनंदन.

भागाकार एकावर येऊन थांबलेला.
आत्ताचंही काही नाही, आजवरचंही काही नाही.
वाढलेलं पकडायला लिहिलाय तो प्रोग्रॅम,
थांबलेलं त्याला दिसत नाही.
मलाही दिसलं ते बॅटरीमुळे:
व्होल्टेज अकरा पॉइंट चारवर आलं तेव्हा
जीप काढली, पाटण मागे टाकलं.

झोरेंच्या सुनेने हातातलं शेण झाडलं.
"तुमच्याच गावात हैत की! कराडला.
गुडघा फोडलाय. बारा दिस झालं."

ऑफिसपासून दोन चौक.

सड्यावर गेले, झाकण उचललं, पाणी घातलं,
वाऱ्यात थोडी उगाच उभी राहिले.
रात्री स्क्रीनवर मला मी सापडले,
चार वाजून बेचाळीस मिनिटं, भागाकार सहा पॉइंट दोन,
घाईघाईचे, एकसारखे, शहरी टोचे.
बाजूला प्रश्न: घटना की गोंगाट?
उत्तर न देता मशीन बंद केलं.

दवाखान्यात ते खिडकीकडे पाय करून पडले होते.
"काय म्हनतीया?" त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, गप्प आहे.
"गप न्हाय ऱ्हात ती," म्हणाले,
आणि पलंगाच्या लोखंडी दांडीवर बोट टेकवून
जरा वेळ थांबले.
"उसाचा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या. भरलेल्या."

मी दांडीला हात लावला.
मला काहीच लागलं नाही.
मग खिडकीची काच किंचित वाजली.