एक हात पाठीमागे

गाडी आज पुन्हा घाटल्याच्या नाक्यावर बसली.
अर्धा तास बरी चालते, मग आचके देते,
आणि वीस मिनिटं सावलीत उभी केली
की काही झालंच नाही अशी सुरू होते.
शहाण्णवची आठशे. आबांची.

पेंडुरकर गॅलरीतूनच ओरडले,
"कॉइलची वायर उपट, इंजिनच्या कडेशी धर,
मी खाली येऊन स्टार्टर मारतो. ठिणगी दिसली की झालं."
मला पेट्रोलचा वास येत होता.
आबांच्या अंगठ्याचं नख आठवलं,
अशीच ठिणगी बघायला गेलेलं,
पुढं चाळीस वर्षं काळंच उगवत राहिलं.
म्हटलं, नको. घरात मीटर आहे.

किल्ली काढून ओढणीच्या टोकाला बांधली.
दहाच्या पान्यानं बॅटरीची मायनस सोडली,
टोक जुन्या मोज्यात गुंडाळून बाजूला सारलं.
इंजिन निवेपर्यंत टाकीच्या पायरीवर बसले.

आबा सांगायचे, विजेच्या कामात एक हात खिशात.
दोन्ही गुंतले की करंट छातीतून वाट काढतो.
माझ्या ड्रेसला खिसाच नाही.
बायकांच्या कपड्यांना कोण शिवतं खिसा?
मी डावा हात पाठीमागे धरते,
छडी चुकवणाऱ्या मुलीसारखा.

कॉइल ओट्यावर, खाली कालचा पेपर.
इथं दोन्ही हात चालतात, बॅटरी खाली राहिली.
आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना लावल्या:
शून्य पॉइंट तीन. हे मीटरचं स्वतःचं,
दुसऱ्याचं मोजताना आधी हे वजा करायचं.
बारक्या दोन टोकांत एक पॉइंट सहा, म्हणजे खरं एक पॉइंट तीन.
मधल्या भोकात नऊ पॉइंट आठ, हजारांत.
दुसऱ्या मजल्यावरचा निषाद
लाइट बिलाच्या पाठीवर आकडे लिहीत होता.
"पिनेच्या धातूला बोट लावू नकोस रे,
नाहीतर तूही मोजला जाशील."

"सगळं बरोबर आहे, काकू. कॉइल चांगली आहे."

चांगली आहे. निवलेली.
आबाही चांगलेच असायचे सकाळी दहाला,
सायनच्या ओपीडीत.
वार? गुरुवार. महिना? भाद्रपद, आणि वर हसायचे.
शंभरातून सात सात वजा करत
न अडता पासष्टपर्यंत उतरायचे.
डॉक्टर लिहायचे, नॉर्मल.
दिवेलागणीला माझ्याकडे बघून विचारायचे,
तुम्ही कुणाकडं आलात?
त्या वेळी कुणी मोजलं नाही.
मीही एकदा दार लावून घेतलं.

माळ्यावरून त्यांची गुडघ्याची रबरी पिशवी काढली.
गरम पाणी, बूच घट्ट,
फडक्यात गुंडाळून कॉइलवर ठेवली.
निषाद हसला. मग गप्प झाला.
पंचवीस मिनिटं. पाणी एकदा बदललं.

दहा पॉइंट चार. दहा पॉइंट नऊ. अकरा.
मग आकडे थरथरले
आणि पडद्याच्या डाव्या कडेला उरला एकटा एक.
"एक म्हणजे?"
वाट तुटली. आत कुठंतरी, केसाएवढी.
तापली की तुटते, निवली की टेकते.

उद्या कुर्ल्याला, सीएसटी रोडवर मिळेल नवी.
आठशे सांगेल, सहाशेला देईल.
निषाद बिल ठेवून जेवायला गेला.

पिशवीतलं पाणी अजून ऊन होतं.
ओतून दिलं नाही.
मांडीवर घेऊन बसले थोडा वेळ,
दोन्ही हात तिच्यावर ठेवून.