जेवणाआधी अर्धा तास

म्हाबळू वळवईकरांनी अडतीस वर्षं फेरीबोट चालवली,
नार्वे ते दिवाडी, दिवाडी ते नार्वे,
आणि त्यांना बोट कधी लागली नाही.
लागली ती निवृत्तीनंतर,
सोप्यावर बसल्या बसल्या.

सकाळची पेज दुपारपर्यंत तशीच गळ्याशी.
"पोटाचं इंजिन बंद पडलंय गो बाय," काउंटरवर म्हणायचे,
"भरती नाही, ओहोटी नाही, नुसता चिखल."
वीस वर्षांची साखर पोटाच्या नसांवर चढते,
मग पोट आपलं काम विसरतं,
हे मला पाठ आहे.
पण डिचोलीला बुधवारच्या बाजारात
कुणाला काय समजावणार?

चिठ्ठी बांबोळीच्या डॉक्टरांची.
एक गोळी, तीनदा, जेवणाआधी अर्धा तास.
खाली तिरप्या अक्षरात: पंधरा दिवस, मग दाखवा.
नेमकी त्याच ओळीवर घडी पडायची.
घडीत कागद झिजला,
खालची ओळ गेली.
वरची राहिली.

मीही वरचीच वाचत होते.
पट्ट्या कापायची, कागदी पाकिटात सरकवायची,
सुटे पैसे नसले की ते आंबाड्यांची पिशवी ठेवून जायचे.

चवथीच्या आधी, माटोळीच्या सामानाच्या गर्दीत,
कुशावतीबाई एकट्याच आल्या.
गोळ्या द्या म्हणाल्या, आणि हसल्या.
"आता फार देवाचं करतात हो.
जन्मात देवळाची पायरी चढले नाहीत,
नारळसुद्धा माझ्या हाती पाठवायचे.
आता बघावं तेव्हा ओठ हलताहेत.
बोलायला लागले की थांबतात,
गप्प बसले की पुन्हा सुरू.
फक्त एका जागी बसवत नाही त्यांना.
अंगणात या टोकाचे त्या टोकाला.
फेरीवाला माणूस, सवय जाते का!"

कात्री माझ्या हातात तशीच राहिली.
"आणि जीभ?"
"येते मधूनच बाहेर.
कवळी सैल झाली असेल."

बिलबुकं काढली. चौदा महिने.
चौदाही पानांवर माझी सही,
टपोरी, शाळेत बक्षीस मिळालेली.

बांबोळीला फोन लावला, तीनदा लावला.
डॉक्टर म्हणाले, आजपासून बंद,
उद्या सकाळी घेऊन या,
साखरेचं औषध स्वतःच्या मनानं बदलू नका.
ते मी मोठ्या अक्षरात लिहून दिलं,
घडीपासून लांब.

मग सांगितलं, हे त्या गोळीनं होतं कधी कधी,
फार दिवस घेतली तर.
कुशावतीबाई पाकिटाकडे बघत राहिल्या.
"म्हणजे तो जप नव्हता?"
त्या रोज तिन्हीसांजेला
त्यांच्या शेजारी समई लावून बसत होत्या,
त्यांच्या ओठांशी आपले ओठ जुळवत.
मला काही सुचलं नाही.
मागे कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

आता ते थोडं थोडं खातात, पाच वेळा,
पेज मऊ, तेलकट वर्ज्य,
जेवल्यावर आडवं व्हायचं नाही.
पायांची येरझार थांबली.
ओठ अजून थोडा हलतो.
थांबेल, डॉक्टर म्हणतात,
आणि लगेच कदाचितही म्हणतात.
समई चालू आहे, असं कळलं.

मी पट्टीच्या पाठीवर पेनानं तारीख घालते,
इथपर्यंतच, मग डॉक्टर.
गिऱ्हाइकं कुरकुरतात,
पलीकडच्या दुकानात विचारत नाहीत म्हणतात.
जा म्हणते. काही जातात.

म्हाबळूबाब बुधवारी येतात, साखरेच्या गोळ्यांना.
काउंटरला टेकून उभे,
वरचा ओठ कुठल्याशा नसलेल्या काट्यावर फिरत असतो.
मग मी विचारते,
पुराच्या साली बोट धक्क्याला कशी लावलीत?
आणि ते सांगू लागतात,
सुकाणू, दोरखंड, वाहून आलेली म्हैस,
आणि तेवढा वेळ ओठ फक्त बोलण्यापुरता हलतो.
रांग वाढते.
मी विचारते, मग? म्हैस?