न खाल्लेलं मीठ

खांगाईच्या उतारावरून बर्फ वाहून गेलं,
जाताना मातीतलं मीठ घेऊन गेलं.
मागे राहिलं गवत,
कोवळं, पोटभर, अळणी.

यंजमाच्या मेंढ्या नमद्याच्या तंबूचे दोर चाटतात,
माणसं लघवीला बसतात ती माती चाटतात.
मी हात पुढे केला, तर मनगटावरचा घामही
खरखरीत जिभांनी पुसून नेला.
"अजून नऊ दिवस," यंजमा म्हणाली,
"मग खाऱ्या तळ्याकडे निघू."

हे नऊ दिवस आत कोण सांभाळतं
ते उलानबातरला पाठ करून आलो होतो.
पाहिलं इथे, लंगडी म्हातारी मेंढी कापली तेव्हा:
मूत्रपिंडापाशी, चरबीत दडलेली
वालाच्या दाण्याएवढी गाठ.
सुरीनं उभी चिरली.
भिंगाखाली कडेचा पट्टा रुंद झालेला,
रोज थोडं जास्त काम केलेल्या हातासारखा.

तिथून रक्तात निरोप जायचा, अल्डोस्टेरॉन नावाचा:
मुतातून सोडू नका,
शेणातूनही नको.
लाळेतलं सोडियम परत घ्या,
त्या जागी पोटॅशियम भरा, ते गवतात रग्गड आहे.
रवंथ चालू राहू दे.

यंजमाला एवढं सगळं सांगितलं.
तिनं गाठ तळहातावर घेतली, वजन केल्यासारखी.
खाल्ल्या मिठाला जागणारे पुष्कळ पाहिलेत,
ही न खाल्लेल्या मिठाला जागत होती.

"एवढीशी?" म्हणाली,
आणि कुत्र्याला टाकली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत
तिनं तंबू उतरवला होता.