सदतिसावी नळी

हिंगण्याच्या एमआयडीसीत मे महिन्यात
तीन दिवस विझवून ठेवलेला बॉयलर
बाहेरच्या रस्त्यापेक्षा गार लागतो.
मी मॅनहोलमधून आत सरकते,
आधी उजवा हात, मग डोकं, मग बाकीची मी.
बाहेरून बोरकुटे विचारतात, "जमते का मॅडम?"
त्या 'जमते का'त अठ्ठावीस वर्षांची नोकरी आहे
आणि थोडी शंका.

शिट्टी त्यांनाच ऐकू आली होती, रात्रपाळीत.
पंख्याची नाही, व्हॉल्व्हची नाही,
दुखऱ्या दातातून कुणी हवा ओढावी तशी.
मॅनेजर म्हणाला, वय झालं, कान वाजतात.
बोरकुट्यांनी भट्टीत जाणारा धानाचा कोंडा थांबवला,
वहीत वेळ लिहिली
आणि डबा उघडून जेवायला बसले.

ड्रममध्ये नळ्यांची तोंडं ओळीनं.
खडूनं आकडे घालत मी पुढे सरकते.
पुसते. लाल रंग लावते.
मग थांबायचं असतं वीस मिनिटं,
गुडघे पोटाशी घेऊन,
आपलाच श्वास लोखंडावरून परत येताना ऐकत.
मग रंग पुसायचा, डागसुद्धा ठेवायचा नाही,
आणि वरून पांढरी भुकटी.

छत्तीस कोरी.
सदतिसावीत
एक लाल रेघ हळूहळू वर येते,
केसाएवढी, जरा वाकडी,
जणू कुणी सही करायला घेतली
आणि मध्येच उठून गेलं.

रिपोर्टात मी लिहीन: थर्मल फटीग.
वहीत साधं लिहिलंय:
दिवाळीपर्यंत तीन पाळ्या, नंतर ऑर्डरी आटल्या,
मग रोज सकाळी पेटव, रोज रात्री विझव.
तापण्यानं नळीला काही होत नव्हतं.
रोज ताणायचं, रोज आक्रसायचं,
आणि तोंड मात्र पत्र्यात घट्ट दाबलेलं.
तिथंच गेली. आतून.
बाहेरून अजून रंग शाबूत आहे.

"दिसली का?"
"दिसली. सदतीस."
बाहेर काही वेळ नुसता कूलरचा आवाज.
मला वाटलं, आता मॅनेजरचं नाव निघेल.

"फोटो धाडा बरं मले," बोरकुटे म्हणाले.
"घरी दाखवतो.
तिथं बी म्हणतेत, कान वाजते तुमचे."