षष्ठी

केपेंच्या कोर्टात, व्हरांड्यातल्या बाकावर
इन्व्हेंटरीचा अर्ज वाचून दाखवत होतो,
शाणू वेळीपनं अंगठ्याची ओली शाई सांभाळत मला थांबवलं:
'हो कोण, दे कुयुस?
आमच्या घरांत ह्या नांवाचो कोणूच नाशिल्लो.'

तुमचेच सगुणबाब, मी म्हटलं.
गेलेल्या माणसाला कायद्यात असं म्हणतात.
'मेल्यावर नांव बदलता?'
मी फाइलची दोरी उगाच सोडून बांधली.

दुपारी फुर्तादबाबांना विचारलं.
रायतूरच्या सेमिनारीतून पाद्री न होता परतले ते,
भाड्याचं घर सोडताना कुणी दाराची कडी काढून आणावी
तसं लॅटिन तेवढं घेऊन.
रश्शात पाव बुडवत म्हणाले,
नाव कसलं? तोडलेलं वाक्य ते.
'ज्याच्या वारशाचा प्रश्न आहे तो'.
वकिलांना घाई. पुढचं गाळलं.
उरलं, ज्याच्या.

ज्याच्या.
चा, ची, चे. शाळेत घोकलेली षष्ठी.
मास्तर सांगायचे, हिला कारकांत धरत नाहीत,
क्रियापदाशी हिचं काही नसतं,
नामाला धरून असते, बस्स.
तेव्हा कळलं नव्हतं.
सगुणबाब आता पोफळीवर चढत नाहीत, भाण पेटवत नाहीत,
जेवून हात धुवायला मागीलदारी जात नाहीत.

परत येऊन उरलेली यादी वाचली:
ज्याच्या पोफळी एकशे चार,
ज्याची काजूची डोंगरी,
ज्याचं तांब्याचं भाण, बुडाला डाग दिलेलं,
ज्याचा बांवयेच्या पाण्यात तिसरा वाटा.
अर्धं तुमचंच, मी म्हटलं, लग्नापासूनच.
उरलेलं चौघांत.

ती बराच वेळ गप्प.
मग, त्यांचा खोकला लिहिला का?
पहाटे डोंगरीवरून यायचा, त्यावर मी चहा ठेवायची.
त्याला किंमत लावता येत नाही, मी म्हटलं.
'मगीर तें पुराय म्हजें.'

थोरला बोटीवर. त्याची नोटीस
दोन बंदरं फिरून परत आलेली.
न्यायाधीशबाईंनी मान वर न करता सांगितलं,
सिने दिए.
बाहेर पायरीवर चपला शोधत शाणूनं विचारलं, परत कधी?
म्हटलं, दिवस नाही दिला.

तिनं कनवटीची नाणी मोजली.
'आनी बस?'
साडेचारची, मी म्हटलं.
एवढं मला नक्की ठाऊक होतं.