झिप

व्हीसीआरची हेडं पुसायचं काम
लॅमिंग्टन रोडला आता महिन्यातून एखादं येतं.
तेही बहुतेक त्रिलोकेकरांचंच.

यावेळी पोह्यांच्या डब्यातून कॅसेट आणली.
कडेकडेनं पांढरी बुरशी,
माझगावच्या हवेची सही.
चाळीसच्या बल्बखाली दोन रात्री वाळवली,
स्पिरिटच्या बोळ्यानं हात-हातभर पुसली,
मग लावली.

जपानी पिक्चर. मेव्हण्यानं बोटीवरून आणलेला, त्र्याऐंशी साली.
खोक्यावरचं नाव घरात कुणाला वाचता येत नाही,
हे त्याला 'कालवांचा राक्षस' म्हणतात.
पाठीवर शिंपल्यांचा ढिगारा घेऊन तो वर येतो,
पुठ्ठ्याचं बंदर तुडवतो,
माणसं पळतात.
एक जण पळता पळता हसतो.
दीपगृहाच्या पायरीवर म्हातारा कोळी काहीतरी बोलतो,
त्रिलोकेकर त्याच्या तोंडात मराठी घालतात:
"जाळं ऱ्हाऊ दे, पोरांना आण."

"आता! थांबवा!"
राक्षस वळतो, आणि मणक्यापाशी
अर्धा सेकंद
पितळी झिप चकाकते.

तेवढ्यासाठी सापोरोचा एक गृहस्थ
तीन वर्षं पत्रं लिहितोय.
इतर प्रतींत म्हणे तिथं कात्री लागलीय.
कुणाला तरी लाज वाटली असणार.

एकोणपन्नासाव्या मिनिटाला राक्षसानं पाय उचलला
आणि पाळणा आला.
झेंडूच्या माळा, घुगऱ्यांचं पातेलं,
आत्या वाकली, कुर्र केलं असावं,
आवाज नाही.
चार मिनिटं बारसं.
मग पाय खाली आला, बंदर गेलं.

"खालचं काढता येईल?"
नाही हो. एकावर एक भरलं की खालचं जातं.
"मग तो कसला घेतोय," म्हणाले,
पण पत्रात खरं तेच लिहिलं.
मेव्हण्याला शिव्या मात्र मला ऐकवल्या,
चाळीस वर्षांच्या, मुरलेल्या.

उत्तर आलं तेव्हा दुकानातच फोडलं.
कॅसेटच्या किमतीचं शेवटी, बारीक अक्षरात.
आधी विचारलं होतं,
बाळाचं नाव काय ठेवलं?

त्रिलोकेकरांनी माझं बॉलपेन घेतलं.
इंग्रजीत लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
मग खाली, ठसठशीत, देवनागरीत.

त्याला वाचता येणार नाही, मी म्हटलं.
"असू दे."