पाचवा थ्रो

मानवतला, जिनिंगच्या मागचं मैदान.
डिसेंबर. सकाळचे साडेसात.
रुईचे पुंजके भिंतीवरून येतात
आणि फक्कीच्या रेघांवर बसतात.
वारा कुठला, हे बघायला मला झेंडा लागत नाही.

कॅचर बारा. किट एक.
एकीच्या घामाचा मास्क दुसरीच्या तोंडावर,
नडगीच्या गार्डची पकड तुटलेली, तिथं सुतळी.
गव्हाणे सर नावं पुकारतात,
मी घड्याळ दाबते.
मिटमध्ये चेंडू आदळला की सुरू,
दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हात आदळला की बंद.
मधे चौऱ्याऐंशी फूट दहा इंच.
माझ्या उजव्या खांद्याला हे अंतर अजून पाठ आहे,
थंडीत तर जास्तच.

प्रत्येकीला पाच.

अयोध्या मुंजाभाऊ होगे. २.१. २.२. पुन्हा २.१.
सरांची मान डोलायला लागते.
चेंडू मात्र बेसच्या डोक्यावरून
सेंटर फिल्ड ओलांडून बोरीच्या झुडपात.
तिसऱ्यांदा शोधायला गेलेली पोरगी
चेंडू आणि ओंजळभर बोरं घेऊन आली.
मी लिहिते: हात आहे, पाय नाहीत.
डावा पाऊल जिकडं पडतं तिकडं चेंडू जातो,
पाणी पाटानं जातं तसा;
पण दंडात जोर असलेल्या पोरीला
हे सांगून पटत नाही. मलाही पटलं नव्हतं.

तहुरा शेख, सेलू.
मिटमधून चेंडू असा काढते
जशी तव्यावरची भाकर, बोटं भाजायच्या आत.
कोपर वर, मनगट कानाशी, सगळं जागच्या जागी,
आणि चेंडू पिचरच्या पुढं गेला की दमतो.
२.६. २.६. २.७.
पण पाचही एकाच जागी पडले:
शॉर्टस्टॉपच्या गुडघ्याशी, बेसच्या अलीकडच्या कडेला,
जिथं घसरत येणारा पाय
आपणहून येऊन ग्लोव्हाला चिकटावा.
"स्लो आहे हो," सर म्हणाले.
मोंढ्यात पोतं काट्यावर ठेवलं की आकडा येतो,
त्यावर कुणी वाद घालत नाही.
घालतात, खरं तर. रोज घालतात.

मग पंचशीला वाव्हळे, पाथरीची.
चार थ्रो मधले. २.४ च्या आसपास. लिहिण्यासारखं काही नाही.
पाचव्याला आम्ही रनर लावतो,
एक पहिल्यावर, एक तिसऱ्यावर.
चेंडू सुटला, पहिलीवरची पळाली,
पंचशीला उठली, पाय टाकला, खांदा फिरला,
हात कानापासून पुढं आला
आणि चेंडू हातातच.
तिसरीवरची मात्र खांद्याला भुलून घराकडं निघालेली,
अर्ध्यात उभी, ना इकडची ना तिकडची.
पंचशीला चार ढांगांत तिच्यापाशी गेली,
दंडाला चेंडू लावला,
उधारी परत करावी इतक्या शांतपणे.

"थ्रो झालाच नाही," सर म्हणाले. "शून्य."
"कामून टाकला नाहीस?" मी विचारलं.
"तिची टाच उचललेली व्हती, मॅडम.
मी टाकायची वाट बघायलती ती."

लातूरला, एकोणिसाव्या वर्षी,
मी आयुष्यातला सगळ्यात वेगवान थ्रो केला होता.
दुसऱ्या बेसवर रनर बाद. टाळ्या.
तिसरीवरची तोवर घरी चालत आली,
अक्षरशः चालत, आणि मॅच संपली.
त्या थ्रोचं सगळे अजून कौतुक करतात.
मीही करू देते.

सर अजून बोलतच होते,
निकष, तक्ता, जिल्ह्याला काय कळवायचं.
पंचशीला खाली बसून दातानं सुतळी सोडत होती,
पुढची मुलगी मास्कसाठी हात पसरून उभी.
"मॅडम," ती म्हणाली, "परत टाकू का? टाइम येईल."

नको, म्हणाले मी.
तेव्हा लक्षात आलं, मुठीत घड्याळ चालूच आहे.
बंद केलं. चार मिनिटं, अठरा सेकंद.
रकान्यात तेच लिहिलं.
सर बघत होते, तरी लिहिलं.